मृत रोपांचा रकाना

४ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस आणि तिकडे काहीतरी चावत असतोस. कागदावर लिहिलं की तुला निदान वाचावं तरी लागतं.

वनखात्याची नोटीस आली आहे. माझ्या रोपवाटिकेची जागा त्यांची, करार जूनमध्ये संपतो. त्यानंतर इथे ओंडक्यांचं गोदाम करणार आहेत म्हणे. झाडं वाढवायची जागा घ्यायची आणि तिथे कापलेली झाडं रचायची, यांनी डोकी कुठे गहाण टाकली आहेत देव जाणे. नोटीस आणणाऱ्या शिपायाला मी चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "बाई, मी फक्त चिकटवायला आलोय," आणि माझ्या तुतीच्या खोडाला नोटीस चिकटवून गेला. तीन दिवस मी ओल्या फडक्याने खोड पुसते आहे.

खाली बारीक अक्षरात लिहिलंय की 'रोपवाटिका व वनोपज उद्योग अनुदान योजने'त ज्यांचा अर्ज मंजूर होईल, त्यांचा करार दहा वर्षं वाढेल. अनुदानात नवा पंप आला तर बरंच, पण मला जागा हवी आहे. बावीस वर्षं मी या मातीत हात घातलाय. तू त्याच खात्याच्या कचेरीत खुर्ची झिजवतोस ना? मग जरा आत्याच्या उपयोगी पड.

मी दिलेलं लिंबू कसं आहे? मागच्या पत्रात 'मजेत' एवढंच लिहिलं होतंस. मजेत म्हणजे काय? फुटवा किती, पानं कशी, ते सविस्तर कळव. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास, ठोंब्याचा वाकून नमस्कार.

अर्ज सोबत पाठवतोय. तुझी फाईल माझ्या टेबलावर येणार नाही, नातेवाइकांची येऊ देत नाहीत. पण अटी सांगतो. गेल्या तीन वर्षांत निदान पन्नास रोपं विकली गेलेली हवीत. त्यातली शंभरात साठ तरी जगलेली हवीत. आणि रोपवाटिकेला जोडून काहीतरी वनोपजाचा धंदा हवा, म्हणजे मध, डिंक, टोपल्या, असं काहीही. तुझे काटक्यांचे खराटे चालतील, मी विचारून घेतलंय. पाहणीला एक अधिकारी येईल. शेवटची तारीख दहा एप्रिल.

तुझ्यासाठी हे म्हणजे डाव्या हातचा मळ आहे. पन्नास रोपं काय, तू पाचशे विकली असशील!

लिंबू छान आहे. पानं हिरवी आहेत.

तुझा ठोंब्या

१९ फेब्रुवारी

ठोंब्या,

पानं हिरवी आहेत! लिंबाची पानं हिरवी असतात हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं बघ.

एक्केचाळीस विकली आहेत. ओरडू नकोस. गिऱ्हाइकं खंडीभर येतात, पण झाड काय भाजी आहे, की मागितलं आणि दिलं पिशवीत टाकून? मी आधी बाकावर बसवते आणि चार प्रश्न विचारते. कुठे लावणार? ऊन किती वाजता येतं? तुम्ही बाहेरगावी गेलात तर पाणी कोण घालणार? आणि शेवटचा प्रश्न, आजवर तुमच्या हातून झाड मेलंय का? जो 'हो' म्हणाला त्याला फाटक दाखवते. परवा एक जण मोटारीतून आला, म्हणाला बंगल्यापुढे शोभेला काहीतरी उंच द्या. मी म्हटलं, खांब रोवा.

खराटे मात्र कुणालाही देते. खराटा काही कुणाच्या हातून मरत नाही. माझं पोट त्या खराट्यांवरच चाललंय.

तेव्हा अजून नऊ रोपं विकायची आहेत आणि लायक माणसं मिळत नाहीत. काय करू सांग.

आत्या

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

मी कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षांत एक्केचाळीस! अगं, लोक एका रविवारी तेवढी विकतात.

असो. येत्या रविवारी आमच्या कचेरीतले नऊ जण तुझ्याकडे पाठवतोय. सगळी भली माणसं आहेत. कृपा करून त्यांना झाडं दे. आत्या, नऊच्या नऊ जणांना दे.

आणि हो, सोबत डब्यात दोन लिंबं पाठवतोय. तुझ्या झाडाची पहिली फळं.

तुझा ठोंब्या

६ मार्च

ठोंब्या, माझ्या राजा,

डबा उघडला आणि मी बाकावर मटकन बसलेच. फळं धरली! दोन्ही लिंबं हातात घेऊन मी शेजारणीकडे, दुकानदाराकडे, सगळीकडे मिरवून आले. साल थोडी जाड आली आहे, पाणी जास्त घालतोयस. पण पहिली फळं अशीच असतात. तुला मी लहानपणापासून ठोंब्या म्हणत आले, आज जरा वाईट वाटलं.

तुझ्या कचेरीतली माणसं म्हणजे रत्नं आहेत. जाडे रोखपाल, ती सारखी हसणारी टंकलेखिका, दोन एकसारखे दिसणारे कारकून, नऊच्या नऊ जणांनी शेवटच्या प्रश्नाला एका दमात "नाही, कधीच नाही" असं उत्तर दिलं. मला गहिवरून आलं. नऊ रोपं दिली, पन्नास पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी अजून एक जण आला. तू पाठवला असशील तर पुढच्या वेळी माणूस पारखून पाठव. काटकुळा, बगलेत फाईल, बूट चिखलाने माखलेले. आल्या आल्या विचारतो, "रोपं किती आहेत?" मी म्हटलं, "प्रश्न मी विचारते, तुम्ही बाकावर बसा." बसला बिचारा. तीन प्रश्नांना ठीक उत्तरं दिली. चौथ्या प्रश्नाला बोटं मोजायला लागला. "चार... नाही, पाच. एक तर सासूबाईंनी दिलेलं होतं. ते मेलं तेव्हा फार बोलणी बसली." पाच! माझ्या तोंडासमोर! मी उठले आणि फाटक उघडून धरलं. तो म्हणाला, "अहो, पण मी..." मी म्हटलं, "पण नाही आणि बिण नाही." जाताना हातात एक खराटा दिला, अगदीच रिकाम्या हाताने कशाला पाठवा.

आत्या

१० मार्च

आत्या!

नमस्कार राहू दे. तो पाहणी अधिकारी होता!!

तू पाहणी अधिकाऱ्याला बाकावर बसवलंस आणि हाकलून दिलंस! तो सकाळी खराटा घेऊन कचेरीत आला. सगळी कचेरी तोंडं लपवून हसत होती, मी तर कपाटामागे जाऊन उभा राहिलो. अहवालात त्याने लिहिलंय, 'पाहणी अपूर्ण. अर्जदाराने निम्नस्वाक्षरीकारास बाहेर काढले.' नशीब, माणूस रागीट नाही. चौदा तारखेला पुन्हा येणार आहे. माझी शपथ आहे तुला, एकही प्रश्न विचारू नकोस. तोंडाला कुलूप घाल आणि तो म्हणेल त्याला हो म्हण.

तुझा (अजून नोकरीत असलेला) ठोंब्या

१७ मार्च

ठोंब्या,

तोंडाला कुलूप घातलं होतं, शपथेवर सांगते. त्याने पेन्सिलीने तीन हजार दोनशे बारा रोपं मोजली आणि मी शब्दानेही बोलले नाही. एका रोपावर त्याचा कोपर आदळला तेव्हाही नाही. फक्त डोळे मिटले.

सगळं छान झालं आणि शेवटी घोडं एका रकान्यात अडलं. 'विक्रीनंतर मृत रोपांची संख्या.' मी म्हटलं, शून्य. तो म्हणाला, "शून्य चालत नाही." मी म्हटलं, का? तर म्हणे पूर्वी एका रोपवाटिकेने शून्य लिहिलं होतं आणि नंतर कळलं की ती रोपवाटिकाच नव्हती, नुसती पाटी होती. तेव्हापासून खात्याचा नियम झाला. शून्य लिहिलं म्हणजे अर्जदाराने जाऊन पाहिलंच नाही असं धरतात आणि अर्ज बाद करतात. "जाऊन बघा बाई," तो म्हणाला, "एखादं तरी मेलं असेल."

म्हणून तीन दिवस जुन्या चाळीस घरी पायपीट केली. तुझं सोडून, तुझी तर लिंबंच पाहिली आहेत. सगळी झाडं जिवंत! दाताच्या डॉक्टरांचं अंजीर होतं त्यापेक्षा लहान दिसलं. ते त्याच्यापुढे हात पसरून उभे होते आणि म्हणत होते की थंडीने आखडलंय. आखडत असेल बाबा, मला काय माहीत. शिंपिणीला मी बांबू दिल्याचं आठवत होतं, तिच्या दारात पेरू निघाला. ती म्हणाली, "तुम्ही पेरूच दिला होता." माझंच वय झालं. निवृत्त मास्तरांकडे मी गेले तेव्हा झाड हवापालटाला भावाकडे गेलं होतं. इतकी काळजी घेतात लोक!

पण मग आता लिहू काय?

आत्या

२१ मार्च

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

अगं, 'एक' लिही. एवढंच. एक आकडा काढायचा आणि मोकळं व्हायचं. कुणी तपासायला जाणार नाही. आमच्या कचेरीत रोज शेकड्याने असे आकडे लिहिले जातात आणि आभाळ कोसळत नाही.

हात जोडतो, आत्या. जागेचा प्रश्न आहे.

तुझा ठोंब्या

२५ मार्च

ठोंब्या,

कुठलं लिहू? डॉक्टरांचं अंजीर मेलं म्हणून लिहू? ते उद्या माझ्यासमोर पानं हलवेल तेव्हा कुठे तोंड लपवू? जिवंत झाडाला कागदावर मारायला माझा हात धजत नाही. मी खोटं लिहिणार नाही. मला खोटं सहन होत नाही हे तुला ठाऊक आहे.

आवराआवर सुरू केली आहे. रोपांवरची सावलीची जाळी खाली उतरवली. तीन हजार रोपं कुठे ठेवायची ते काही सुचत नाही, आणि ती द्यायला एवढी माणसं कुठून आणू? काल पंप बंद करून बघितला, पाण्याचा आवाज नसला की कसं वाटतं ते. फार वाईट वाटतं. बाकावर बसून रडले, तुझ्यापासून काय लपवायचं.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. लिंबाजवळ खुर्ची टाकून बसेन. माझ्या हातचं एवढं एक झाड तरी घरातल्या माणसाकडे सुखरूप आहे, तेवढाच जिवाला आधार.

तुझी आत्या

२९ मार्च

आत्या,

हे पत्र बसून वाच. ही समोर उभी आहे आणि म्हणते आहे, "तू लिहितोस की मी लिहू?" तेव्हा लिहितो.

लिंबू मेलं. आत्ता नाही, दोन वर्षांपूर्वी. तू दिलंस त्यानंतर सातव्या आठवड्यात. तुझ्या भीतीने मी सकाळी पाणी घालायचो, ही दुपारी घालायची, आणि संध्याकाळी दोघंही एकमेकांना न सांगता 'राहिलं असेल' म्हणून पुन्हा घालायचो. कुंडीत डासांची अंडी झाली. मग बाजारातून दुसरं आणून त्याच कुंडीत लावलं. तेही मेलं. तिसरं आणायची हिंमत झाली नाही. सध्या कुंडीत छत्र्या ठेवतो.

तू पाठवलेल्या प्रत्येक पत्रात लिंबाची चौकशी असते. प्रत्येक वेळी ठरवतो, आता खरं सांगायचं. आणि प्रत्येक वेळी पानं हिरवी आहेत असं लिहितो. ती दोन लिंबं कोपऱ्यावरच्या दुकानातली होती. आणि तू ती घेऊन सगळीकडे मिरवलीस.

अजून एक. त्या नऊ जणांना मीच पढवून पाठवलं होतं, की शेवटच्या प्रश्नाला 'नाही' म्हणा, नाहीतर ती झाड देत नाही. रोखपालांच्या हातून तर निवडुंगसुद्धा मेलाय.

आता रकान्यात लिहायला तुझ्याकडे एक खरं मेलेलं झाड आहे. माझं लिही. आणि मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. आत्या, चुकलो. खरंच चुकलो.

ठोंब्या

२२ एप्रिल

ठोंब्या,

इतके दिवस पत्र नाही, म्हणजे तुझं धाबं दणाणलं असेल. दणाणू दे.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी तू पाठवलेला डबा भिंतीवर फेकला. मग दोन दिवस रागारागाने खराटे बांधत बसले. छत्र्या! माझ्या लिंबाच्या कुंडीत छत्र्या! त्या दुकानातल्या लिंबांचं सरबत करून मी सगळ्यांना चमचा चमचा वाटलं होतं रे. डोळे पुसत प्यायल्या बायका.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं जरा थंड झालं आणि एकदम डॉक्टरांचं अंजीर डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि शिंपिणीचा पेरू. अगं बाई, म्हटलं, मी आंधळी की काय! अंजीर आखडतं होय?

पुन्हा निघाले घरोघर. पण या वेळी झाड बघायला नाही गेले. आत जाऊन बसले आणि आधी मी सांगितलं. तुलाही सांगते, कारण तू मला सांगितलंस आणि मी मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं, बावीस वर्षं.

पहिल्या वर्षी माझ्याकडे चारशे रोपं होती. त्यातली तीनशे साठ मी मारली. तुझ्यासारखीच, पाणी घालून घालून. तुझ्या आजोबांनी घरातल्यांशी भांडून मला ही जागा मिळवून दिली होती. त्यांना कसं सांगणार? शेडमागे खड्डा खणला, सगळी पुरली आणि सांगितलं, विकली गेली. ते किती खूश झाले! माझी लेक एका हंगामात तीनशे साठ झाडं विकते, असं जाईल तिथे सांगत सुटले. शेवटपर्यंत सांगत होते. मी मान खाली घालून ऐकत होते. तेव्हापासून मला झाड दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हटलं की धडकी भरते. आणि वर तुला लिहिते काय, तर म्हणे मला खोटं सहन होत नाही!

एवढं ऐकल्यावर डॉक्टर रडायलाच लागले. त्यांचं हे चौथं अंजीर. शिंपिणीने बांबू मेल्याचं कबूल केलं. मास्तरांच्या भावाला झाडबीड काही नाही, त्यांना भाऊच नाही. मग तुझ्या कचेरीतल्या नऊ जणांकडेही येऊन गेले. तुझ्या टेबलाजवळ मुद्दाम आले नाही, अजून राग होता.

पन्नासातली सतरा मेली. नावानिशी लिहिली, पुढे मृत्यूचं कारणही लिहिलं. बहुतेकांपुढे 'जास्त पाणी'. तुझ्यापुढे 'आत्याची भीती'. अधिकारी म्हणाला, "हे कारण यादीत नाही." मी म्हटलं, "मग यादीत घाला." त्याने चष्मा पुसला आणि दुसरा कुठलाही प्रश्न न विचारता सही केली. म्हणाला, या वर्षी आलेल्या कागदांमध्ये हा एकच वाचावासा वाटला.

तेहतीस जिवंत म्हणजे शंभरात सहासष्ट. काल मंजुरीचं पत्र आलं, दहा वर्षांचा करार. जाळी पुन्हा चढवली आहे, पंप सुरू आहे. मी त्या पंपाजवळ तासभर नुसती बसून होते.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि माझी मलाच लाज वाटली. तो चौथा प्रश्न. इतकी वर्षं ज्यांनी खरं सांगितलं त्यांना मी फाटक दाखवलं आणि जे खोटं बोलले त्यांना झाडं दिली. बाकावर बसून मेलेली पाच झाडं प्रामाणिकपणे मोजणारा तो काटकुळा भेटला, आणि त्यालाही मी हाकललं. परवा निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि तुती दिली. लहान मुलासारखा दोन्ही हातांत धरून घेऊन गेला.

तू माझ्यावर रागावू नकोस म्हणून सांगणार होते, पण मग लक्षात आलं की रागवायचा हक्क माझा आहे. थोडं रागावून झालंय. उरलेलं समोर आल्यावर रागावेन. सूनबाईचे मात्र आभार मान, ती समोर उभी राहिली नसती तर आज इथे ओंडके असते.

आज सकाळी एक बाई आली. मी बाकाकडे बोट दाखवायच्या आधीच घाईघाईने म्हणाली, "आधीच सांगते हं, माझ्या हातून आजवर एकही झाड जगलेलं नाही."

मी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, मग दोन न्या.

तुझी आत्या